अर्पिताचं प्रात्यक्षिक

टाळ्या राजेश्री मॅडमना पडायच्या होत्या, त्या सुकेशनीला पडल्या. झालं ते एवढंच. कुणी कुणाला टाकून बोललं नाही, कुणाचा आवाज चढला नाही, चहाचे कागदी कप गोळा करत फिरणाऱ्या धुरपताबाईंना तर काही घडलंय याचा पत्ताही नसेल. परभणीतल्या त्या कॉलेजच्या सभागृहात प्राध्यापकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण चाललं होतं. सर्वांना सामावून घेणारं अध्यापन, नवे प्रयोग, नवी साधनं असलं बरंच काही मंचामागच्या फ्लेक्सवर लिहिलेलं. पुण्याहून आलेला ट्रेनर तरुण होता, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, साठीला टेकलेल्या माणसालाही 'मित्रा' म्हणणारा. दुसऱ्या दिवशी चहानंतर तो म्हणाला, आपण ज्याला सामावून घेतलं अशा एका विद्यार्थ्याबद्दल प्रत्येकानं सांगायचं. सगळे एकमेकांकडे बघत बसले आणि राजेश्री उठली. भूगोलाची विभागप्रमुख, सव्वीस वर्षांची नोकरी, तिनं नाही उठायचं तर कुणी? आणि तिच्याजवळ अर्पिता होती. जन्मापासून दृष्टी नसलेली, चारठाण्याची, बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाची अर्पिता. राजेश्रीनं सांगितलं, पोटच्या लेकीसारखी सांभाळली तिला. हाताला धरून वर्गात आणलं, पहिल्या बाकावर बसवलं. नकाशे, आलेख, प्रात्यक्षिकं, कशाकशाचा म्हणून तिला दोन वर्षांत त्रास होऊ दिला नाही. सगळ्यातून सूट. आणि गुण वीसपैकी अठरा, दोन्ही वर्षी. एवढं बोलून ती थांबली. ट्रेनर हसला, चांगलंच हसला, आणि म्हणाला, "मॅडम, बाकीची मुलं प्रात्यक्षिक करायची तेव्हा अर्पिता काय करायची?" "बसायची," राजेश्री म्हणाली. "म्हणजे काय करत बसायची?" "बसायची हो. पंख्याखाली." मागून केमिस्ट्रीचे आबासाहेब खोकल्यासारखं हसले. ट्रेनरनं मान हलवली, थँक्यू म्हणाला, आणि तिच्या मागच्या रांगेतून तिच्याच विभागात नवी लागलेली सुकेशनी उठली. "सर, मी पण अर्पिताबद्दलच बोलणार होते," ती म्हणाली, आणि अंग चोरून जरा हसली.

हे अंग चोरून हसणं राजेश्रीला सगळ्यात जास्त झोंबलं. ऐटीत बोलली असती तर तिला निदान आगाऊ तरी म्हणता आलं असतं. सुकेशनी सांगत होती, की मॅडमनी हिला इतकी छान सवय लावली होती वर्गाची म्हणून मला पुढचं सोपं गेलं. म्हणजे वर आभारसुद्धा! मग तिनं पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून केलेले नकाशे दाखवले, गोदावरीला जाड सुतळी, दुधनेला बारीक, डोंगराला एकावर एक पुठ्ठे. मग मातीचं सांगितलं. माती ओळखायची रीत जुनीच आहे, ओली करायची, बोटांत चोळायची, तिची वळी लांबवायची, कुठं तुटते ते बघायचं. पुस्तकात आहे, राजेश्रीनं सव्वीस वर्षं फळ्यावर लिहून दिली आहे. सुकेशनीनं काय केलं, तर अख्ख्या वर्गाच्या डोळ्यांवर रुमाल बांधले आणि मातीचे डबे पुढं ठेवले. बावीस पोरांत पहिली आली अर्पिता. "आमी तिला शिकवलं न्हाई सर," सुकेशनी म्हणाली, "तिनंच मग आमाला शिकवलं, बोटं कशी फिरवायची ते." ट्रेनर उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. मग सगळं सभागृह. राजेश्रीनंही वाजवल्या, न वाजवून सांगते कुणाला. दोन बोटं तळव्यावर आपटत ती समोरच्या फ्लेक्सकडे बघत राहिली आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आपली पोरगी होती ती. आपली. हिनं सहा महिन्यांत कधी नेली?

जळणं म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं असं नाही, पण ते जावांमध्ये असतं, साड्यांवरून, पोरांच्या टक्क्यांवरून असतं, असं तिला आजवर वाटत आलेलं. शिकवण्यावरून माणूस असं आतून करपतं हे नवीनच होतं. संध्याकाळी विभागात येऊन ती खुर्चीवर बसली तरी छातीतली धग खाली बसेना. समोर फळा होता. त्या फळ्यावर तिनं काय काय काढलं होतं! हातात रंगीत खडू घेतला की एका दमात महाराष्ट्र, कोकणाची किनार हात न उचलता, सह्याद्रीची शेड तपकिरी खडू आडवा धरून. पोरं मोबाइलवर फोटो काढायची, इतिहासाचे लोक दारातून डोकावून जायचे. आणि सगळ्या वर्गात तिचा जिच्यावर सगळ्यात जीव, तीच एक पोरगी त्या फळ्याकडे तोंड करून शांत बसलेली असायची. राजेश्रीला ते कधी खटकलंच नव्हतं. उलट फळ्यावर काढता काढता ती वळून म्हणायची, "अर्पिता, बस हं बाळा, तुला काही नाही यातलं." प्रेमानं म्हणायची. पोरगी मान हलवायची. दोन वर्षं मान हलवली तिनं. आणि आता सुतळी! अगं, सुतळी चिकटवायला काय लागतं, किराणा दुकानात मिळते सुतळी, मला कुणी सांगितलं असतं तर मी काय केलं नसतं? कुणी सांगितलं नाही. कुणी सांगायला कशाला हवं होतं, असाही एक विचार आला आणि तो आल्या आल्या तिनं पाणी पिऊन गिळला.

मग बारीकसारीक आठवायला लागलं, आणि आठवेल ते उलटं होऊन समोर यायला लागलं. जूनपर्यंत अर्पिताची चार बोटं तिच्या दंडावर असायची. पोरींच्या होस्टेलच्या फाटकापासून वर्गापर्यंत, रोज. गार बोटं, हलकी. जुलैत एक दिवस पोरगी म्हणाली, "मॅडम, आता मी यायलेय माझी माझी. काठी हाय." राजेश्रीला वाटलं, वयात आली, लाज वाटत असेल. तिनं कौतुक करून सोडून दिलं. आता कळलं ते कसलं जुलैतलं शहाणपण होतं. जुलैतच सुकेशनी तासिका तत्त्वावर लागली होती. आणि तिला लावली कुणी? मुलाखतीत बाकीचे दोघं दुसऱ्या मुलाकडे झुकले होते, राजेश्री अडून बसली, "माझी विद्यार्थिनी आहे, मी ओळखते." ओळखते! आठ वर्षांपूर्वी पिंगळीहून रेल्वेनं यायची ही, डोक्याला चपचपीत तेल, नकाशा काढायला सांगितला की अरबी समुद्र विदर्भात शिरायचा. राजेश्रीनं तिचे नकाशे स्वतःच्या हातानं पुसून पुसून काढून दिले होते. तेव्हा हात आपला होता, वही तिची. त्या रात्री जेवताना जाऊबाई सहज म्हणाली, "पुढंच असतात आजकाल त्यांच्या पोरी." सुकेशनीचं घर बौद्धाचं, जाऊबाईचा रोख तिकडं. राजेश्रीनं तिला झाडलं, असलं काही माझ्यासमोर बोलायचं नाही म्हणून. पण झाडायच्या आधी एक क्षण ते ऐकून आपल्याला बरं वाटलं, हे तिचं तिला कळलं. त्याची शरम तिला झोप लागेपर्यंत पुरली.

आणि करडू आठवलं. इतक्या वर्षांत कधी आठवलं नव्हतं. माहेरी वालूरला असताना, ती आठ-नऊ वर्षांची, शेळी व्याली आणि मेली, तिचं करडू राजेश्रीनं वाढवलं. बोटाला दूध लावून चाटवलं, कडेवर घेऊन गावभर फिरली, खाली म्हणून ठेवलं नाही, काटे टोचतील, कुत्री धरतील. धाकटी बहीण बबिता त्याला खाली सोडायची, आपण पुढं पळायची, ते पडत धडपडत मागं. एक दिवस राजेश्रीनं इकडून हाक मारली, बबितानं तिकडून, करडू मधोमध उभं. मग ते उड्या मारत बबिताकडे गेलं. राजेश्री त्या दिवशी जेवली नव्हती. आईनं विचारलं काय झालं, तर पोटात दुखतंय म्हणाली. इतकं सगळं लख्ख आठवून तिला स्वतःचाच संताप आला. पोरगी म्हणजे काय करडू आहे? एम.ए.ला जायच्या वयाची पोरगी ती, तिला कुणी हाक मारायची आणि कुणी नाही, हा काय खेळ आहे? पण छातीत जे होतं ते अगदी तेच होतं, त्याच जागी. पन्नाशी उलटली तरी जागा बदलली नव्हती.

प्रशिक्षण संपलं, प्रमाणपत्रं वाटली, फोटो झाला, ट्रेनर पुण्याला गेला. सोमवारी सुकेशनी विभागात आली आणि टेबलाच्या कडेला उभी राहिली. बस म्हटल्याशिवाय ती अजून बसायची नाही. राजेश्रीनं बस म्हटलं नाही. टेबलावर अर्पिताचा अर्ज होता, प्रात्यक्षिक परीक्षेतून सूट मिळावी म्हणून, दरवर्षीसारखा टाइप करून ठेवलेला, फक्त विभागप्रमुखांची सही राहिलेली.

"मॅडम, अर्पिताला यंदा प्रात्यक्षिक द्यायचंय," सुकेशनी म्हणाली. "तिला एम.ए. करायचंय भूगोलात. सूट घेतली तर पुढं घेत न्हाईत. मी चौकशी केली."

"तू केलीस चौकशी."

"हो मॅडम. बुधवारी अर्ज जायचेत ना."

"बाहेरचा परीक्षक येतो, सुकेशनी. तो काय म्हणेल? न दिसणारी पोर नकाशा काढणार?"

"मातीचं देऊ की. सुतळीचा नकाशा वाचायला देऊ. मी बोलले तर चालंल का त्यांच्याशी?"

"तू कशाला बोलशील? आणि ती चुकली तर? परक्या माणसासमोर रडत बसली तर?"

सुकेशनीनं क्षणभर विचार केला. खरंच केला, उगाच दाखवायला नाही. "चुकली तर चुकली मॅडम," ती म्हणाली. "बाकीची पोरं चुकतात तशी."

 अशा वेळी विभागप्रमुख जे करतो ते राजेश्रीनं केलं. ती म्हणाली, "आधी मी स्वतः घेईन तिची परीक्षा. उद्या अकराला. ओळखलं तर बघू. तू थांबू नकोस, तू असलीस की ती तुझ्या आवाजावरून अंदाज बांधेल." हे शेवटचं बोलताना आपण किती खालच्या पायरीला उतरलो ते तिला कळलं. सुकेशनीच्या तोंडावर काही दिसलं नाही. "बरं मॅडम," म्हणून ती गेली, जाताना दार हळू लावून गेली. तेही राजेश्रीला आवडलं नाही.

मंगळवारी ती दहालाच प्रयोगशाळेत आली. मातीचे डबे खिडकीखाली ओळीनं होते, प्रत्येकावर नाव, आणि नावाखाली सुकेशनीनं कसलेसे टोचून उठवलेले ठिपके, अर्पिताला वाचायला. हेही नवीनच होतं. राजेश्रीनं वालूरची काळी माती घेतली, एका बशीत काढली. जिंतुराकडची मुरमाड दुसऱ्या बशीत. मग डोळे मिटून आपणच चोळून बघितलं, सहज, कुणी नाही तोवर. काळी आणि डब्यातला गाळाचा पोयटा यांत तिचा गोंधळ झाला. पुन्हा बघितलं, पुन्हा झाला. सव्वीस वर्षं फळ्यावर लिहिलेली रीत बोटांत नव्हतीच.  तिसरी बशी तिनं कधी भरली हे नंतर तिला नीट सांगता आलं नसतं, म्हणजे सांगता आलं असतं, चांगलंच सांगता आलं असतं, पण तिनं स्वतःला सांगितलं नाही. काळी माती घेतली, तीत गोदावरीची वाळू टाकली, बोटांनी कालवली. शेतात माती काय डब्यातून येते? तिनं मनात म्हटलं. सरमिसळ असतेच, परीक्षा म्हणजे परीक्षा, सोपी घेतली तर पुन्हा म्हणतील लाड केले. असं सगळं पटवून झाल्यावर तिनं हात धुतले. येणारीला तर दिसत नाही, मग हे हात आपण कुणासाठी धुतोय, हा प्रश्न तिला पडला होता. एक हिशेब मात्र साफ होता. ही बशी पोरगी चुकली, की अर्जावर सही होईल, पोरगी पुन्हा पंख्याखाली येईल, आणि कुणी म्हणून काही म्हणणार नाही. सगळे म्हणतील, बिचारीनं प्रयत्न केला, मॅडमनी संधी दिली.

अर्पिता अकराला आली. काठी टेकवत सरळ टेबलापाशी आली, खुर्ची स्वतः ओढली. ओढणी मागं गाठ मारून बांधलेली, कामाला आल्यासारखी. "सुकेशनी मॅडम न्हाईत?" तिनं विचारलं.

"नाहीत. मी आहे ना."

"हो हो, तसं न्हाई," ती गडबडीनं म्हणाली, आणि ते गडबडणंही राजेश्रीला लागलं. तिनं पहिली बशी पुढं सरकवली. पोरीनं माती चिमटीत घेतली, नाकाशी नेली, वाटीतल्या पाण्यात बोट बुडवून भिजवली, अंगठा आणि तर्जनीत वळी लांबवत गेली. केवढी लांब गेली ती वळी! "काळी. भारी काळी. चिकटायलीय बघा किती." दुसरी बशी. नुसता हात लावला आणि हसली. "मुरूम. ह्याला तर आमच्या चारठाण्यातलं बारकं पोरगं पण वळखंल." तिचा चेहरा राजेश्रीनं असा कधी बघितला नव्हता. पंख्याखाली बसलेल्या पोरीला चेहरा होता, पण तो ठेवून दिलेला असायचा. आता तो सगळा कामात होता, भुवया, ओठ, नाकपुड्या, आणि सुंदर दिसत होता, आणि तो दुसऱ्याच कुणीतरी जागा केला होता. राजेश्रीनं तिसरी बशी सरकवली.

पोरगी थांबली. भिजवलं, चोळलं, वळी केली, ती मध्येच तुटली. पुन्हा केली, पुन्हा तुटली. कपाळाला आठी पडली. एक मिनिट गेलं, दोन गेली. आणि राजेश्रीला बरं वाटायला लागलं, पाच दिवसांत पहिल्यांदा. खांदे सैल झाले, श्वास खालपर्यंत गेला, पोरीबद्दलची जुनी माया ऊन होऊन गळ्यापर्यंत आली. राहू दे गं बाळा, म्हणायला तिनं तोंड उघडलंसुद्धा.

"मॅडम," अर्पिता म्हणाली, "ही एका जागची माती न्हाई."

"म्हणजे?"

"चिकटायला तर काळीसारखीच हाय. पण मधी मधी कण लागायलेत. गोल गोल, नदीचे. गाळाची असती तर सगळी एकजीव लागली असती. हे वेगळं वेगळं लागायलंय. कुणीतरी मिसळलीय."

राजेश्रीच्या तोंडून शब्द गेला तो असा गेला, की तो कुणी ढकलला हे तिलाही कळलं नाही. "चूक," ती म्हणाली. "पोयटा आहे तो."

अर्पितानं मान हलवली नाही. तिनं पुन्हा बशीत हात घातला, तळापर्यंत, मूठभर माती घेऊन अंगठ्यानं दाबली, सावकाश, कान देऊन ऐकावं तशी. मग मूठ उघडून तळवा राजेश्रीच्या आवाजाच्या दिशेनं पुढं धरला. "न्हाई मॅडम," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमचं चुकायलंय. तुमीच बघा हात लावून."

तिच्या तळव्यावर काळ्यात पांढरट कण स्वच्छ दिसत होते. आंधळ्यालाही दिसावं, असं राजेश्रीच्या मनात येऊन गेलं आणि तिला भडभडून आलं. नाही म्हणता आलं असतं. पोरगी खाली बघून गप्प बसली असती, अर्ज गेला असता, आणि या बशीची गोष्ट जगात दोघींशिवाय कुणालाच कळली नसती. अर्पितानं ती कुणाला सांगितली असती तरी तिचं कुणी खरं धरलं नसतं. हे इतकं सोपं होतं, की त्या सोपेपणाचीच तिला भीती वाटली.

"मी मिसळली," ती म्हणाली.

"का?"

"तू चुकावीस म्हणून."

बोलून झालं. पंखा फिरत होता. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी कुणाला तरी गणिताच्या वर्गाचं विचारत होतं. अर्पितानं वाटीत बोटं बुडवली, एकेक बोट चोळून स्वच्छ केलं, ओढणीला पुसलं. ती रडेल असं राजेश्रीला वाटलं. मग आपल्याला जवळ घेता येईल, असंही वाटलं, आणि इतकं सगळं झाल्यावरसुद्धा असं वाटावं याची तिला किळस आली. पोरगी रडली नाही. "मी काय केलं होतं मॅडम?" तिनं विचारलं.

"काही नाही. मला लय जळायला झालं," राजेश्री म्हणाली. असं ती वालूर सुटल्यापासून कधी बोलली नव्हती. "सुकेशनीकडं तू गेलीस म्हणून. माझ्याकडं दोन वर्षं होतीस आणि काही शिकली नाहीस, आणि तिच्याकडं शिकलीस म्हणून."

अर्पिता ऐकत होती. तिनं माफ केलं असंही तोंडावर नव्हतं, रागावली असंही नाही. तिनं खुर्चीच्या दांड्यावरून अंगठा फिरवला. "मला पण तुमी आवडायच्या," ती म्हणाली. "पंख्याखाली लय कंटाळा यायचा, पण तुमी आवडायच्या." मग काठी चाचपत, "अर्जाचं काय करायलात?"

राजेश्रीनं सूट मागणारा अर्ज काढून टरकावला. कोऱ्या कागदावर लिहिलं की सदर विद्यार्थिनी सर्व प्रात्यक्षिकांस बसेल, खाली सही केली, शिक्का मारला. काय लिहिलं ते वाचून दाखवलं. अर्पितानं दोनदा वाचायला लावलं.

"आणि परीक्षेला कोण असतं मॅडम?"

"बाहेरचे एक सर. आणि मी."

पोरगी काठी हातात घेऊन उठली, पण निघाली नाही. राजेश्रीला वाटलं, आता ही काहीतरी चांगलं बोलेल. तिनं वाट बघितली.

"सुकेशनी मॅडमला पण बसवा," अर्पिता म्हणाली. "बशा भरताना कुणीतरी पायजे."

ती गेल्यावर राजेश्रीनं परीक्षकांचा तक्ता पुढं ओढला आणि आपल्या नावाखाली सुकेशनीचं नाव लिहिलं.